‘आमच्या वेळी दारं उघडी असायची’: लोअर परळच्या एका चाळीतल्या आठवणींचे प्रकरण

या लेखातली माणसं खरी आहेत. खोल्यांचे नंबर आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना मजकूर आधी वाचून दाखवला आहे.

पार्श्वभूमी

तळमजला धरून चार मजले, मजल्यावर अठरा खोल्या, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी, टोकाला नळ आणि संडास. खोली दहा बाय बारा, त्यातच मोरी, त्यावर पोटमाळा. मी या चाळीत वाढले. लग्नानंतर डोंबिवलीला गेले, तिथल्या शाळेत इतिहास शिकवते. आई मात्र शेवटपर्यंत चाळीतच राहिली.

२०२३ च्या पावसाळ्यात पुनर्विकासाचं नक्की झालं. जानेवारीपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या, तीन वर्षं भाडं घ्यायचं, मग नव्या इमारतीत परत यायचं. कुणी बदलापूरला जागा बघितली, कुणी नालासोपाऱ्याला, कुणी गावचं घर शाकारून घेतलं. पंचाहत्तरीच्या पुढची एकोणीस माणसं तेव्हा चाळीत होती. तीन वर्षांनी त्यांतली किती परत येतील हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

गिरणगाव म्हणजे काय हे इथल्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही, पण चाळीतल्या तरुण मुलांना सांगावं लागतं. ताडदेवला १८५४ साली कावसजी दावरांनी पहिली कापड गिरणी काढली. पुढे लालबाग, परळ, वरळी, शिवडी, भायखळा हा सगळा पट्टा गिरण्यांचा झाला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडून माणसं आली, गावकऱ्यांच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिली, खानावळवाल्या बाईकडे जेवली, भोंग्यावर उठली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि हा संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आमच्या चाळीतली वीसेक कुटुंबं त्या दोन-तीन वर्षांत गावाला गेली ती गेलीच. २००० नंतर जन्मलेल्या मुलांना गिरणी माहीत आहे ती मॉलच्या आणि कचेऱ्यांच्या पत्त्यातला एक शब्द म्हणून.

चाळीच्या मंडळाच्या सहा मुलामुलींनी ठरवलं की निरोपाच्या सत्यनारायणाला म्हाताऱ्यांच्या आठवणींची एक फिल्म दाखवायची. वय सतरा ते चोवीस. त्यांनी मला फोन केला, “ताई, तू इतिहासाची आहेस, तू ये.”

अडचण

पहिल्या रविवारी मंडळाच्या कार्यालयात पाच आजोबांना ओळीने खुर्च्यांवर बसवलं. समोर भाड्याचा कॅमेरा, वर दोन दिवे. मुलांनी प्रश्न लिहून आणले होते: पूर्वीची चाळ कशी होती? तेव्हाच्या आणि आताच्या माणसांत काय फरक वाटतो? नव्या पिढीला काय सांगाल?

हे प्रश्न मीच तपासून दिले होते, हे आधीच कबूल करते.

सव्वादोन तास चित्रीकरण झालं. पहिल्या आजोबांनी सांगितलं की आमच्या वेळी दारं उघडी असायची, सगळे एका घरासारखे राहायचे, आता फ्लॅटचं दार लागलं की शेजारी मेला तरी कळत नाही. दुसऱ्यांनीही तेच सांगितलं. तिसऱ्यांनी त्यात मोबाइलची भर घातली. सगळे समारंभात बोलावं तसं बोलत होते, कारण आम्ही समारंभच मांडला होता. या माणसांना मी जन्मापासून ओळखते. गॅलरीत बसून ती किती बारीकसारीक आणि किती छान सांगतात हे मला माहीत आहे. त्यांतला एक शब्द त्या कॅमेऱ्यात आला नाही.

बायका चहा घेऊन आल्या, कप देऊन गेल्या. त्यांच्यासाठी खुर्ची मांडलेली नव्हती आणि ते आमच्यापैकी कुणाला खटकलंही नाही.

शेवटी वीस वर्षांच्या एका मुलाने कागदावर नसलेला प्रश्न विचारला. “सगळे एका घरासारखे होतात म्हणता, तर समोरच्या चाळीतले लोक आपल्याकडे जेवायला यायचे का?”

समोरच्या चाळीत बहुतेक बौद्ध कुटुंबं आहेत. या मुलाचा जिवलग मित्र तिथे राहतो. खोलीत शांतता झाली. एक काका म्हणाले, “त्याचा इथे काय संबंध?” आणि कॅमेरा बंद झाला.

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. आमच्या बहात्तर खोल्यांत एकही बौद्ध कुटुंब कधीच नव्हतं, हे मला त्या दिवशी रात्री परतीच्या लोकलमध्ये एकेक मजला आठवत खोल्या मोजताना कळलं. इतकी वर्षं ‘सगळे’ म्हणताना मी कुणाला धरत होते?

समोरचे पर्याय

पुढच्या रविवारी आम्ही सात जण गच्चीवर बसलो. हातात चार महिनेही नव्हते. एक विचार असा होता की झालेल्या चित्रीकरणातून वीस मिनिटं कापून, मागे सनई लावून फिल्म पुरी करावी. मंडळाच्या कार्यकर्त्यांना तेच हवं होतं, आणि म्हाताऱ्यांनाही त्यात कमीपणा नव्हता. दुसरा, वर्गणी काढून एखादा चांगला छायाचित्रकार आणावा. पण आमचं घोडं कॅमेऱ्यापाशी अडलं नव्हतं. कुणी सुचवलं की म्हाताऱ्यांनाच लिहायला सांगू. एकोणीस जणांत सहज लिहू शकतील असे चारच होते, आणि बायकांत एकच.

चौथा पर्याय एका मुलीने काढला. ती नर्सिंगला आहे. ती म्हणाली, “पेशंटला ‘कसं वाटतंय’ विचारलं की तो ‘बरं आहे’ म्हणतो. ‘काल रात्री कितीदा उठलात’ विचारलं की खरं सांगतो.” तिचं म्हणणं असं की फिल्म बाजूला ठेवावी, घरोघरी जाऊन एकेकाशी बोलावं, मोबाइलवर नुसता आवाज घ्यावा आणि मतं विचारूच नयेत, कामं विचारावीत.

मंडळाला हे पटवायला दोन बैठका गेल्या. निरोपाला पडद्यावर दाखवायला काही राहणार नाही, ही त्यांची तक्रार रास्त होती. शेवटी ठरलं की आवाजाचे तुकडे आणि जुने फोटो मिळून एक संध्याकाळ करायची.

काय केलं

एका घरी दोनच मुलं जाणार, त्यांतली एक मुलगी. वेळ सकाळी अकराची, म्हणजे बायकांचा स्वयंपाक उरकलेला असतो आणि पुरुष बाहेर कट्ट्यावर असतात. नवरा-बायकोचं बोलणं वेगवेगळं घ्यायचं. पहिला प्रश्न नेहमी हाताच्या कामाचा किंवा समोरच्या वस्तूचा. बोलणं झालं की पूर्ण ऐकवायचं, आणि काय कुणाला ऐकवायचं ते त्यांच्याकडून ठरवून घ्यायचं.

बावीस नंबरचे बाबा ८३ वर्षांचे. १९५९ साली बदलीवाला, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम करणारा, म्हणून साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात लागले. पहिल्या रविवारी त्यांनी माणुसकीवर दहा मिनिटं भाषण केलं होतं. आता मुलांनी विचारलं, “बाबा, साचा चालवताना हात कसे हलायचे? दाखवा ना.” बाबा उठून उभे राहिले. उशी साच्याच्या जागी ठेवली आणि तुटलेला धागा चिमटीत धरून गाठ मारण्याची खूण केली, इतकी झटपट की मुलांना तीनदा करून दाखवावी लागली. मग धोट्याबद्दल, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाबद्दल सांगितलं: त्यात सुताची कांडी बसवायची, धोट्याच्या भोकाला तोंड लावायचं आणि धागा ओठांनी ओढून बाहेर काढायचा. दिवसाला शेकडो वेळा. सुताची धूळ घशात जायची, म्हणून गूळ खायचा. खात्यात इतका आवाज की बोलणं ओठांवरून ओळखायचं. “म्हणून तर मी अजून मोठ्याने बोलतो,” ते म्हणाले, “तुमची आई समजते मी ओरडतोय.”

तो तास मी चार वेळा ऐकला आहे.

उघड्या दारांबद्दल बायकांनी जे सांगितलं ते कुणाला अपेक्षित नव्हतं. सतरा नंबरच्या आजी म्हणाल्या, “दारं उघडी होती कारण आत माणूस मावत नव्हता.” खोलीत नऊ माणसं. पुरुष गॅलरीत झोपायचे. लग्न होऊन आल्यावर सहा महिने नवऱ्याशी एकटीने बोलायला मिळालं नाही, गावच्या जत्रेला गेलो तेव्हा बोललो. पहाटे साडेतीनला हंडा-कळशी घेऊन नळावर. रात्री संडासला जायचं तर सोबतीला जाऊबाईंना उठवायचं, म्हणून संध्याकाळनंतर पाणी प्यायचंच नाही. बाळंतपणानंतरसुद्धा हेच. नव्या इमारतीत घरात संडास असणार याचा त्यांना इतका आनंद होता की तो नकाशा त्यांनी देवाच्या फोटोमागे घडी करून ठेवला होता.

याच आजी पुढे म्हणाल्या की १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळायची, तिच्या भाकऱ्या थापता यायच्या नाहीत, तुटायच्या. मजल्यावरच्या बायका एकत्र बसून त्यात काय मिसळलं की थापता येतं ते शोधायच्या. महागाईविरुद्धच्या मोर्चाला लाटणी घेऊन गेल्या त्याही या गॅलरीतूनच. “नवऱ्याला न विचारता मी पहिल्यांदा गेले ती त्या दिवशी. सगळ्याजणी चालल्या होत्या म्हणून धीर झाला.” म्हणजे गॅलरीने त्यांना कोंडलं आणि गॅलरीनेच बाहेर काढलं. दोन्ही त्यांनी एकाच दमात सांगितलं, आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

जुनं चांगलं की नवं, असं विचारलं की म्हाताऱ्या माणसाला एक बाजू घ्यावी लागते. नळावर किती वाजता जायचात असं विचारलं की दोन्ही बाजू आपोआप येतात. माझ्या वर्गात मी हे वीस वर्षं उलटं करत आले.

पहिला पेच: चुकलेलं साल

एकतीस नंबरचे आजोबा पुन्हा पुन्हा सांगत होते की संप झाला तो इंदिरा गांधी गेल्या त्या वर्षी, म्हणजे १९८४ ला. मुलांनी त्यांना दोनदा दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा ते चिडून गप्प झाले. मुलं मला विचारायला आली की हा भाग ठेवायचा की काढायचा.

साल चुकीचं आहे यात शंका नव्हती. पण चौऱ्याऐंशीच का, हे कुणी विचारलं नव्हतं. मी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या ट्रंकेत गिरणीचा पास, पगाराच्या चिठ्ठ्या आणि रेशनकार्ड होतं. सगळं पुढ्यात मांडल्यावर ते बोलले. संपात पहिले दहा महिने ते गावाला होते. नांगरणी, लावणी, सगळं पूर्वीच्या सुट्टीसारखंच. परत आल्यावर मिळेल ती मजुरी केली. मनात पक्कं होतं की आज ना उद्या बोलावतील. १९८४ च्या दिवाळीच्या सुमाराला गेटवर गेले, तेव्हा पहारेकऱ्याने सांगितलं की तुमचं नाव आता यादीत नाही. “तेव्हा मला कळलं संप झाला ते.”

आम्ही आवाज आहे तसा ठेवला. फोटोखालच्या कार्डावर संपाची तारीख लिहिली आणि त्याखाली त्यांचं ते वाक्य. तारीख खोडायची नाही आणि त्यांनाही खोडायचं नाही, इतकं साधं होतं ते. पण तिथवर यायला दोनदा त्यांचा अपमान करावा लागला.

दुसरा पेच: आजींची गोष्ट

बावीस नंबरच्या बाबांना संपात घर कसं चाललं असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, “गावाहून तांदूळ यायचा, भागायचं.” संपाबद्दल त्यांच्या मनात कडवटपणा नाही. मागण्या बरोबर होत्या, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत प्रामाणिक होते, गिरण्या जाणारच होत्या असं त्यांचं मत. याच मजल्यावर संपाने वाटोळं केलं म्हणणारेही दोघं आहेत, आणि तिघेही रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसतात.

त्यांच्या बायकोशी नर्सिंगची मुलगी बोलली. आजी ७८ वर्षांच्या. तासभर त्या पापड, कुरडया, गणपतीतली आरास यांवर बोलल्या. मग मुलीने विचारलं, “आजी, ब्याऐंशी साली सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचात?”

आजी म्हणाल्या, “दादरला जायचे.”

दादरला चार घरी त्यांनी धुणीभांडी केली. दोन वर्षं. चाळीत सांगितलं होतं शिवणाच्या क्लासला जाते. पिशवीत वर कापडाचा तुकडा आणि कात्री ठेवायच्या. नवऱ्याला माहीत होतं का? “माहीत होतं. पण मी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. तांदूळ गावाहून येतो असंच दोघंही म्हणायचो.” मंगळसूत्र मारवाड्याकडे गहाण होतं, गळ्यात खोटं. हेही चाळीला ठाऊक नव्हतं. मुलाच्या दहावीच्या फीचे पैसे त्या दादरच्या घरांतून आले.

तो मुलगा आज साठीला टेकलेला आहे. बातमी त्याच्या कानावर गेली तेव्हा तो माझ्याकडे आला. रागावला नव्हता, हादरला होता. “ताई, हे लावू नका. बाबांना चार माणसांत खाली बघायला लागेल.”

आमच्यात दोन तट पडले. मुलींचं म्हणणं, गोष्ट आजींची आहे, मुलाला विचारायचंच कशाला? मुलांपैकी दोघं म्हणाले, बाबा जिवंत आहेत आणि त्यांचीही ती गोष्ट आहे. मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी आजींकडे परत गेले. आधी त्या “लावा की” म्हणाल्या होत्या. मुलाचं ऐकल्यावर दोन दिवस मागितले. मग म्हणाल्या, “चाळीत नको. नातीला ऐकव. तिला नोकरी लागली तेव्हा आजोबा म्हणाले, आमच्या घरात बाया बाहेर कामाला गेल्या नाहीत. तिला खरं कळू दे.”

नातीने ते आजीच्या बाजूला बसून ऐकलं. त्यानंतर काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. वर्षभराने हा लेख लिहिताना परवानगी मागितली, तेव्हा आजींनी सांगितलं, “नाव नको, बाकी लिही.” बाबांनाही मजकूर वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “चार नव्हे, पाच घरं होती.”

तिसरा पेच: समोरची चाळ

पहिल्या रविवारचा तो प्रश्न तसाच लोंबकळत होता. ज्या मुलाने तो विचारला त्याच्या मित्राने स्वतःहून सांगितलं, “माझ्या आजोबांनाही विचारा ना. तेही गिरणीतच होते.” आमच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. यादी चाळीची होती.

आजोबा ८५ वर्षांचे, थ्रॉसल खात्यात सूत काढायचं काम. त्यांचं गाव आणि बावीस नंबरच्या बाबांचं गाव एकाच तालुक्यात. दोघंही बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, दोन वर्षांच्या अंतराने. दोघांच्या खोल्यांमध्ये एक गल्ली. मुलांनी विचारलं, “तुम्ही साचेखात्यात का नाही गेलात? तिथे पगार जास्त होता ना?”

ते म्हणाले, “धोट्याला तोंड लावायचं असतं ना रे. आमचं तोंड कसं चालेल?”

मुलांनी बाबांकडून तो धोटा हौसेने ऐकला होता, ओठांनी धागा ओढायची नक्कलसुद्धा केली होती. त्या क्षणी त्याच कृतीचा दुसरा अर्थ त्यांना कळला. एकाने उष्टावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात येऊ द्यायचं नाही. जास्त पगाराचं काम त्यांना बंद. १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. आजोबांचे वडील तेव्हाचे. “माझ्या वेळेला असा नियम नव्हता,” आजोबा म्हणाले, “पण जॉबर, म्हणजे भरती करणारा मुकादम, घ्यायचा नाही, आणि सांगायचाही नाही का ते.”

हा तुकडा आणि बाबांचा धोट्याचा तुकडा शेजारी शेजारी लावायचा, असं आम्ही सातही जणांनी ठरवलं. बाबांना आधी ऐकवला. ते म्हणाले, “होतं तसं तेव्हा. आम्ही कुठे केलं होतं? चालत आलेलं.” मग थोड्या वेळाने, “पण त्याने खोटं काही सांगितलं नाही.” लावायला त्यांची हरकत नव्हती.

हरकत मंडळातून आली. निरोपाच्या दिवशी जुने विषय कशाला उकरायचे, पूजेला सगळे आनंदात असतात, समोरच्या चाळीतलेही येणार, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. आदल्या रात्री साडेदहाला कार्यक्रमाच्या यादीतून हा तुकडा काढायचा की नाही यावर बोलणं आलं. मंडप घातलेला, मुलांची महिन्यांची मेहनत, आणि मंडळ म्हणालं की नाहीतर कार्यक्रमच नको. मी मध्यममार्ग काढला: मोठ्या कार्यक्रमात नको, पुढच्या आठवड्यात वेगळं पंधरा-वीस जणांत ऐकू. मुलं माझ्याकडे बघत राहिली. ज्याने पहिला प्रश्न विचारला होता तो उठून गेला.

परिणाम

कार्यक्रम चांगला झाला, हे खोटं नाही. गॅलरीत दिवे लावले होते, चौकात दोनशेच्या वर माणसं बसली होती. सतरा नंबरच्या आजींचा “आत माणूस मावत नव्हता” हा आवाज लागला तेव्हा बायकांच्या बाजूने अशी काही टाळी पडली की पुरुष वळून बघू लागले. ज्या आजोबांनी उघड्या दारांवर भाषण केलं होतं ते नंतर बायकोला विचारताना ऐकू आले, “तू पण पाणी प्यायची नाहीस?”

समोरच्या चाळीतले आजोबा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. नातवाने त्यांना सांगितलं होतं की तुमचा आवाज लागणार आहे. यादीतला बदल त्यांना सांगायचं काम कुणावरच दिलेलं नव्हतं. ते शेवटपर्यंत बसले. प्रसाद घेतला. उठताना मला म्हणाले, “माझं राहिलं वाटतं.”

मी म्हणाले, “पुढच्या आठवड्यात लावणार आहोत, आजोबा.”

“बरं,” ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात निम्मी चाळ टेम्पोत सामान भरत होती. आम्ही त्यांच्याच खोलीत ते ऐकलं, अकरा माणसं होतो. बाबा आले नाहीत, गुडघे दुखत होते. आजी आल्या. दोन्ही तुकडे एकापाठोपाठ लागले. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, “हा सावंताचा आवाज आहे ना?” आडनाव मी इथे बदललं आहे. साठ वर्षं समोर राहून त्यांनी बाबांना गिरणीबद्दल बोलताना पहिल्यांदा ऐकलं. आजींनी घरून आणलेल्या करंज्या तिथल्या बायकांनी ताटलीत काढल्या, आणि त्यांनी केलेला चहा आजी प्यायल्या. चाळीत पहिल्यांदा.

एकंदर तेवीस जणांचं बोलणं झालं, त्यांत दहा बायका. प्रत्येकाच्या घरी त्यांच्या आवाजाची एक प्रत दिली आहे, आणि ज्यांनी होकार दिला त्यांच्या प्रती आमच्या शाळेच्या ग्रंथालयात आहेत. तेवीसपैकी चार जण आज नाहीत.

आज वेगळं काय केलं असतं

त्या रात्री साडेदहाला मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. कार्यक्रम रद्द होण्याची भीती होती, पण मंडप घातल्यावर मंडळानेही तो रद्द केला नसता, हे आता कळतं. आणि ते जमलंच नसतं तरी रात्रीच गल्ली ओलांडून आजोबांना सांगायला हवं होतं. बाबांचा होकार घेतला, मंडळाशी वाद घातला, मुलांची समजूत काढली, आणि ज्याची गोष्ट होती त्याला मात्र शेवटचं कळलं. खुर्च्यांवर कोण बसतं हे पहिल्या रविवारी चुकलं होतं, आणि शेवटच्या दिवशी तेच पुन्हा चुकलं.

यादी चाळीची न करता गल्लीची करायला हवी होती. चाळीची हद्द ही वडीलधाऱ्यांनी आखलेली होती, ती आम्ही विचार न करता उचलली.

मुलांनी मतं विचारू नयेत हा नियमही थोडा जास्त ताणला गेला. कामांबद्दल बोलणं झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, म्हाताऱ्यांना मतं सांगायची होती आणि ती भाषणासारखी नव्हती. सतरा नंबरच्या आजींना नातीच्या आंतरजातीय लग्नाबद्दल बोलायचं होतं. त्यांचा विरोध होता आणि त्या स्वतःच त्या विरोधाला प्रश्न विचारत होत्या. मुलांनी नियमाप्रमाणे विषय बदलला. ते बोलणं गेलं.

आणि मुलांचं काय झालं, हे कुठेच नोंदवलं नाही. आम्ही तेवीस म्हाताऱ्यांचं ऐकलं, पण सहा तरुणांनी इतके महिने ऐकल्यावर त्यांना काय वाटलं ते विचारलं नाही. जो मुलगा उठून गेला होता तो तीन महिने माझ्याशी बोलला नाही. परवा त्याचा फोन आला. तो आता विरारला राहतो. त्यांच्या इमारतीच्या खाली एक इस्त्रीवाल्या आजी बसतात, उत्तर प्रदेशातून आलेल्या, भिवंडीच्या यंत्रमागावर नवऱ्याने तीस वर्षं काम केलेलं. त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली आहे म्हणाला, हिंदीत. त्याला विचारायचं होतं की रस्त्याचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून मोबाइल कुठे ठेवायचा.